लाल धाग्याचा दुधी

पहाटे 5.30. फाल्गुन लागला तरी अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात पहाटे गारठा असतो. विळा घेऊन आधी कांद्याच्या डेंगळ्यांकडे जाते. गोंड्यातली बोंडं उकलून काळं बी दिसायला लागलं की दव आहे तोवरच कापून घ्यायचं; ऊन चढल्यावर हात लागला की बी मातीत सांडतं. सगळे गोंडे एकदम पिकत नाहीत, म्हणून ही फेरी रोजची. कांद्याचं बी वर्षाच्या वर धड टिकत नाही. वांग्याचं चार वर्षं थांबतं, हे थांबत नाही.

7.00. बाजाराची तोडणी. चिंधी बांधलेल्या वांग्याच्या झाडांना हात लावायचा नाही. बाजारात पहिलं उचललं जाईल असंच फळ आम्ही झाडावर पिवळं पडू देतो. लग्न होऊन आले तेव्हा मला हे पटायचं नाही. चांगली वांगी विकून उरल्यासुरल्या झाडांचं बी मी दोन वर्षं धरलं, आणि तिसऱ्या वर्षी पाटी भरेना. आत्याबाई रागावल्या नाहीत. त्यांनी आपल्या गाडग्यातलं बी काढून दिलं, जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि म्हणाल्या, "आधी झाड बघ, मग फळ."

10.00. परवा काढून ठेवलेल्या टोमॅटोच्या गरावर फेस आला आहे. बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटलं. धुऊन, तळाशी बसलेलं जड बी कापडावर सावलीत पसरते.

दुपारी 1.00. वालाच्या शेंगा उन्हात तडतडताहेत. बडवून, पाखडून झालं की एक दाणा दाताखाली धरायचा. टक्कन फुटला तर बी मडक्यात जाईल. दात रुतला तर अजून दोन उन्हं द्यायची. राख, कडुनिंबाचा वाळला पाला, मग बी, आणि तोंड शेणमातीनं लिंपून बंद. आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना याच कामासाठी 2020 ची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आत्याबाईंनी आपली सगळी गाडगी फडक्यानं पुसून काढली होती.

4.00. शेजारची सून आली. "काकू, घरचं बी दिलं-घेतलं तर चालतं का हो?" चालतं, बाई. 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, विकायचाही हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचं नाव छापून पाकिटात विकायचं नाही. तिला ओंजळभर वाल दिले. पीक आल्यावर दोन ओंजळी परत येतील.

तिच्यादेखतच दुधीच्या कळ्या बांधल्या. दुधी संध्याकाळी फुलतो. आज फुलणारी मादी कळी फुगीर असते आणि तिच्याखाली बोटाएवढा दुधी दिसतो. नर कळी लांब देठावर नुसतीच. दोन्ही कागदाच्या पुडीत झाकायच्या, नाहीतर रात्रीचे पतंग कुठला पराग आणतील सांगता येत नाही. एका वर्षी मी झाकल्या नाहीत. कुंपणावर रानातला कडू भोपळा होता. त्या वर्षीचा दुधी गोड निघाला, त्याच्या बियांचे वेल पुढच्या वर्षी कडू. असा दुधी खाल्ला तर माणूस आजारी पडतो. सगळे वेल उपटले. तेव्हापासून ज्या वेलाचं बी धरायचं त्याचं पहिलं फळ कापून, फोड जिभेला लावून बघते. कडू लागलं तर थुंकायचं आणि वेल काढायचा.

सांज, 7.00. कंदील घेऊन वेलाकडे. नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडल्या, पराग मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवला, पुडी पुन्हा चढवली, देठाला लाल धागा. हा दुधी भाजीला नाही. साल टणक होऊन नख रुतेनासं होईपर्यंत तो वेलावरच राहील, मग चुलीवरच्या धुरात टांगायचा.

गेल्या वर्षीचा तिथं लटकतोय. जेवणं झाल्यावर आत्याबाईंनी तो उतरवून कानाशी हलवला. आत बी खुळखुळलं. त्यांनी तो माझ्या हातात दिला.