आटतें घरभाडें

पेन्शन नसलेल्या माणसाचें पेन्शन म्हणजे घरभाडें, अशी आपल्या मध्यम वर्गाची फार दिवसांची समजूत आहे. चार पैसे गांठीस पडले कीं एखादी खोली किंवा गाळा घ्यावा आणि उतारवयांत त्याच्या भाड्यावर निश्चिंत असावें, हा बेत अनेक घरांत आजहि ठरत असतो. परंतु हें उत्पन्न कागदावर दिसतें तेवढें हातीं येतें काय, आणि तें आटूं लागलें म्हणजे त्याचा भार शेवटीं कोणावर पडतो, हा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. तो आज आपण मांडूं.

प्रथम मुंबईचें उदाहरण घ्या. १९४७ सालच्या भाडेनियंत्रण कायद्यानें जुन्या जागांचें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलें. युद्धोत्तर टंचाईंत भाडेकरूंस संरक्षण देणें अवश्यच होतें. परंतु हा बंध पुढें पन्नास वर्षें टिकला. समजा, ४,००० रुपये खर्चून बांधलेल्या खोलीचें भाडें दरमहा २० रुपये होतें. वर्षाचे झाले २४०, म्हणजे शेंकडा ६. पुढें त्या खोलीची किंमत ४ लाख झाली आणि भाडें तेंच राहिलें, तर शंभर रुपयांस वर्षाकाठीं अवघे ६ पैसे पडले.

एवढ्या प्राप्तींत जिना कोण दुरुस्त करणार? मालकांनीं डागडुजी सोडली, भांडवल भाड्याच्या चाळींकडून मालकीच्या सदनिकांकडे वळलें, आणि भाड्यांत न मिळणारा पैसा पागडीच्या रूपानें चोरवाटेनें फिरूं लागला. अखेर १९६९ सालीं मुंबई बेटावरील १९,००० हून अधिक जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं उपकर बसवून सरकारी मंडळ नेमावें लागलें. मालकाच्या खिशांतील तूट अशी भाडेकरूच्या डोक्यावरील छतापर्यंत पोंचली.

असें गोठविलेलें भाडें न्याय्य राहिलेलें नाहीं, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं दिला. ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्यानें दरसाल शेंकडा ४ वाढीची मोकळीक दिली आणि पागडीच्या व्यवहारासहि मान्यता दिली. बँका, तसेंच १ कोटी किंवा त्याहून अधिक भरणा झालेलें भांडवल असलेल्या कंपन्या, यांस मात्र संरक्षणांतून वगळलें. पण २० रुपयांवर शेंकडा ४ म्हणजे ८० पैसे; जुनी तूट त्यानें भरून निघत नाहीं.

आतां आजच्या खरेदीदाराकडे वळूं. समजा, १ कोटीची सदनिका दरमहा २५,००० भाड्यानें दिली. वर्षाचे ३ लाख, म्हणजे शेंकडा ३. जागा एक महिना रिकामी राहिली आणि संस्थेची वर्गणी, मालमत्ताकर व रंगरंगोटी यांत ५०,००० गेले, तर हातीं उरतात शेंकडा सव्वादोन. रक्कम कर्जाऊ असेल तर व्याज याहून कितीतरी अधिक. असा मनुष्य वस्तुतः भाड्यावर नव्हे, किंमत वाढेल या आशेवर जगत असतो.

दुकान व कचेरी यांच्या बाबतींत भाड्यावरूनच बहुधा किंमत ठरते. वर्षास ८ लाख देणारा गाळा, गिऱ्हाईक शेंकडा ८ वर संतुष्ट असेल, तर १ कोटीचा. त्यानें शेंकडा १० मागितले कीं तोच ८० लाखांचा. भाडें एक पैनेंहि न घटतां २० लाख गेले! आणि गाळा रिकामा पडला, तर नवा व्यापारी मिळेपर्यंत कर व वर्गणी मालकानेंच भरावयाची.

म्हणून ज्यांस भाड्यावर निर्वाह करावयाचा आहे, त्यांनीं ढोबळ भाडें न पाहतां नक्त उत्पन्न पाहावें, दुरुस्तीची रक्कम वर्षारंभींच बाजूस काढावी, आणि सारी पुंजी एकाच जागेंत घालूं नये. भाडेकरूंनींहि एक गोष्ट ध्यानीं धरावी: ज्या भाड्यांतून छपराची दुरुस्ती निघत नाहीं, तें स्वस्त भाडें पुढें फार महाग पडतें.