सात डिसेंबरचा कागदी ध्वज

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे, रात्रीच्या गाडीने परतायचे आणि सात तारखेला शाळेत मुलांच्या खिशांना कागदी ध्वज टाचायचे, हा माझ्या मास्तरकीतला क्रम. सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. १९५६ साली याच तारखेला दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना अग्नी दिला गेला. योगायोगच, पण आमच्या मुलांना तो सांगावा लागतो.

ध्वजदिन म्हणजे नुसती सलामी नव्हे. जमणारा निधी शहीद जवानांची कुटुंबे, जायबंदी जवान आणि माजी सैनिक यांच्यासाठी असतो. मेलेल्याच्या नावाने जिवंतांचे देणे मान्य करणे, हा त्याचा खरा अर्थ. हे देणे नाकारले म्हणजे काय होते, हे आपल्या इतिहासाला ठाऊक आहे.

१ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या कोरेगाव स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची बावीस नावे कोरलेली आहेत. ते कंपनीकडून का लढले, असा सवाल आजही टाकला जातो. ते पगारी शिपाई होते. आणि ज्या गावगाड्याने त्यांना वेशीबाहेर ठेवले, त्याने त्यांच्याकडे निष्ठेचा हिशेब मागू नये. बरे, इंग्रजांनी तरी काय केले? १८९२ साली महारांची सैन्यभरतीच बंद केली. पणजाचे नाव दगडावर आणि पणतूला पलटणीचे दार बंद! गोपाळबाबा वलंगकर स्वतः पलटणीतले पेन्शनर. त्यांनी १८९४ साली अर्ज लिहिला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी केली. महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ साली मोडली. आजची महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, बेळगावात, पुन्हा युद्ध पेटल्यावरच.

म्हणून ध्वज टाचताना मी मुलांना पैसे कुठे जातात ते सांगतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता फळ्यावर लिहितो आणि घरी दाखवायला लावतो. आमच्या वस्तीतल्या एका निवृत्त हवालदाराच्या विधवेला हे कार्यालय असते हे कळले ते नातवाच्या वहीतून. अर्ज आम्ही दोघांनी ओसरीवर बसून भरला. अंगठा तिने उमटवला.