गिरणी कामगारांची बेकारी आणि पर्यायी उपजीविका

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांपैकी असंख्य कामगार पुन्हा कामावर परतू शकले नाहीत. त्यांना आधार कशाचा मिळाला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम २५-एफ नुसार कपात झालेल्या कामगारास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून देय होते. कलम २५-एच अन्वये पुनर्भरतीत त्यास प्राधान्य होते. मात्र या प्राधान्यामागे कारखाना चालू राहील हे गृहीत होते. कायमच्या बंद पडलेल्या गिरणीत पुनर्भरती कसली? साचेखात्यातील कसब भिवंडीच्या यंत्रमागांवर उपयोगी पडे. परंतु तेथे नोकरीची शाश्वती नव्हती.

अशा वेळी अनेक घरे स्त्रियांच्या कष्टावर तगली. गिरणगावात खानावळ चालविणाऱ्या स्त्रियांना सावकाराच्या पाशातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले व त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. संपाच्या आधीच उभी राहिलेली ही व्यवस्था कोणत्याही पुनर्वसन योजनेचा भाग नव्हती. आपण अभ्यासक मात्र (प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही) भरपाईच्या रकमांचेच कोष्टक मांडत बसतो आणि चुलीवरची कमाई त्या कोष्टकाबाहेर राहते.