रियाधचं नोबेल आणि पाषाणचा धागा

८ ऑक्टोबर २०२५ ला रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि आमच्या रियाधमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मी अल मलाझमध्ये राहतो. शहराचा हा जुना भाग, आपल्यासारख्या नोकरदार परदेशी कुटुंबांनी भरलेला. ऑफिसातले सौदी सहकारी अगदी खुशीत होते. कारण नोबेलच्या तीन मानकऱ्यांपैकी ओमर यागी हे अम्मानमधल्या पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात वाढले आणि २०२१ मध्ये सौदीने त्यांना नागरिकत्व दिलं. दुसरे दोघे जपानचे सुसुमु कितागावा आणि ऑस्ट्रेलियातले रिचर्ड रॉब्सन.

नोबेल मिळालं ते 'मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क' म्हणजे मॉफ या पदार्थांना. गणपतीचा मांडव डोळ्यांसमोर आणा. बांबू आणि बांबूंना बांधणाऱ्या गाठी. मॉफमध्ये गाठींच्या जागी धातूचे अणू आणि बांबूंच्या जागी कार्बनी रेणू असतात. मधल्या रिकाम्या खणांत वायू शिरतो. यागींच्या १९९९ च्या मॉफ-५ ची दोनेक ग्रॅम पूड घेतली, तर तिच्या आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ फुटबॉलच्या मैदानाएवढं भरतं!

पण नुसती जागा असून भागत नाही. धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड एकटा येत नाही, सोबत नायट्रोजन आणि भरपूर वाफ असते. पाणी बहुतेक सगळ्या खणांत आधी घुसून ठाण मांडतं, शिवाय कित्येक मॉफ ओलाव्याने मोडूनच पडतात. म्हणून खणात नेमकं कोण कुठे बसतं, हे कळणं महत्त्वाचं.

इथे आपला पुण्याचा धागा लागतो. रामनाथन वैद्यनाथन आज पाषाणच्या आयसरमध्ये संशोधन करतात. २०१० मध्ये कॅनडातल्या कॅलगरीच्या जॉर्ज शिमिझूंच्या गटाबरोबर त्यांनी 'सायन्स'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. जस्त, अमिनोट्रायझोल आणि ऑक्झलेट यांचा स्फटिक. (ऑक्झलेट म्हणजे अळूच्या पानाने घसा खवखवतो, त्यातलं तेच.) क्ष-किरणांनी त्यांनी खणात बसलेला कार्बन डायऑक्साइडचा रेणू चक्क जागेवर पाहिला. अमिन गट त्याला जवळ खेचत होता, पण हे पक्कं रासायनिक बंधन नव्हतं. मला यातली गंमत इथेच वाटते. पकड इतकीच हवी की पाहुणा येईल, आणि सोडायची वेळ आली की फारशी उष्णता न खर्चता जाईल. सध्या वापरात असलेल्या अमिनच्या द्रावणांत वायू सोडवायला ते सगळं पाणी तापवावं लागतं. खर्च तिथेच वाढतो.

२०२१ मध्ये त्याच मंडळींच्या 'कॅल्फ-२०'वर 'सायन्स'मध्ये दुसरा निबंध आला, वैद्यनाथन त्याचेही सहलेखक. जस्त तेच, ऑक्झलेट तेच, पण ट्रायझोल साधं, अमिन नसलेलं. खणात कार्बन डायऑक्साइड मधोमध बसतो आणि पाण्याच्या रेणूंना एकमेकांचे हात धरून साखळी करू देत नाही. त्यामुळे सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांपर्यंत असली तरी तो पाण्याला पुरून उरतो. वाफ सोसतो, आम्लयुक्त ओला वायूही सोसतो. घटक महागडे नाहीत आणि तो एकाच टप्प्यात तयार होतो. म्हणूनच तो प्रयोगशाळेबाहेर पडला. कॅनडात एका सिमेंट कारखान्याच्या धुरावर त्याची चाचणी झाली.

आता आमच्याकडचं सांगतो. रियाधची हवा कोरडी, म्हणजे पाण्याची कटकट कमी. पण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि अशी हलकी पकड उष्णतेत आणखी सैल होते. जुबेलसारख्या किनाऱ्यावरच्या औद्योगिक शहरात ऊन तर आहेच, वर घामाने शर्ट अंगाला चिकटेल एवढी दमट हवा. तेलाच्या पैशावर आमची घरं चालतात, त्यामुळे या धुराचं काय होणार हा प्रश्न आमच्या दृष्टीने पुस्तकी नाही. धुराड्यातला वायू आधी थंड करावा लागेल आणि त्यासाठीही वीज लागेलच. तो हिशेब मांडल्याशिवाय कोणी 'जादुई पूड' म्हणाला, तर मी तरी मान डोलावणार नाही.