ऊस गोड, बांबूचा गोडवा मात्र वैरी : मेळघाटच्या कारागिरीविषयी थोडेसे



ऊस आणि बांबू ही दोन्ही गवताच्याच कुळातली. पेरे दोघांनाही असतात. पण उसाचा गोडवा हे आपले भांडवल, तर बांबूचा गोडवा हा त्याचा वैरी. हे मर्म अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मेळघाटात, बांबूच्या वस्तू करणारे कारागीर चांगले जाणतात.

परतवाडा सोडून घाट चढला की सेमाडोह, हरिसाल, धारणी असा मुलूख लागतो. नाल्यांना पूर आला म्हणजे आतली कित्येक गावे बेटासारखी एकटी पडतात. बोलीनेही हे बेटच आहे. सभोवती मराठी-हिंदी आणि मधे कोरकू. तिची नात्यातली संथाली, मुंडारी दूर झारखंडाकडे बोलली जाते. पावसाळी शेती आटोपली की इथली कुटुंबे मजुरीसाठी खाली आपल्या मुलखात उतरतात. गावातच हाताला काम मिळाले, तर लेकराबाळांची ही फरफट थांबते. बांबूकामाचे खरे मोल इथे आहे.

माल कसा टिकतो?

आपण साखर उतारा वाढावा म्हणून उसाची पक्वता पाहतो. बांबूचा कारागीर नेमके उलटे करतो. बांबूत पिष्ट जास्त असले की भुंगेरे लागतात आणि आतून पोखरून त्याचा भुगा करतात. म्हणून कोवळा बांबू तोडत नाहीत. तीन वर्षांच्या पुढचा निवडायचा आणि पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडायचा. पूर्वी तो वाहत्या पाण्यात बुडवून ठेवीत किंवा चुलीवर धुरात धरीत. आता बोरिक आम्ल व टाकणखार यांच्या द्रावणात भिजवतात. मग चिरून कामट्या काढायच्या, तासायच्या आणि विणायच्या. सूप, टोपली, डाले ही जुनी कामे. त्यांत आता दिवे, खुर्च्या, राख्या, इतकेच काय घरेसुद्धा आली आहेत.

माल आहे, पण हक्क कोणाचा?

१९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडात गणले होते. त्यामुळे दाराशी बांबूचे रान असूनही कारागिराला तो तोडायला आणि न्यायला परवाना लागे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात आला आणि गावाचा त्यावरचा हक्क मान्य झाला. गडचिरोलीच्या लेखा-मेंढा ग्रामसभेला २०११ साली स्वतःच्या बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार मिळाला. पुढे २०१७ मध्ये वन कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडांच्या यादीतून निघाला.

भाव कोण ठरवणार?

नुसता कच्चा माल मिळून भागत नाही, हे आपल्याइतके कोणाला कळणार? उसाला निदान एफआरपीचा आधार आहे. सुपाला तो नाही. एकटा कारागीर बाजारात गेला की व्यापारी म्हणेल तो भाव. त्यातून प्लॅस्टिकची पाटी स्वस्त पडते.

धारणी तालुक्यातल्या लवादा येथे दिवंगत सुनील देशपांडे व निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे केले, ते याच अडचणीवर तोड म्हणून. कारागिरांना शिकवणे, नवे नमुने देणे, बाजार मिळवणे ही कामे तिथे झाली. कारागिरांची 'वेणू शिल्पी' ही सहकारी संस्थाही निघाली. एकाची टोपली व्यापाऱ्यापुढे हतबल असते. शंभरांच्या टोपल्या एकत्र आल्या की सौदा करता येतो. आपले कारखाने उभे राहिले तेही याच हिशेबाने.

आपल्याला काय करता येईल?

राजेहो, दोन गोष्टी सहज जमण्यासारख्या आहेत. एक, नाल्याकाठी आणि पडीक बांधावर बांबूची बेटे लावा. माती धरून ठेवतील आणि घरच्या कामालाही येतील. तोडताना मात्र कोवळे कोंब राखा. दुसरी, सूप-टोपली घेताना घासाघीस करण्याआधी जरा थांबा. तोडणी, भिजवणी, चिरणी, विणणी हे सारे त्या भावात बसले पाहिजे. उसाच्या दरासाठी आपण भांडतो. तोच न्याय दुसऱ्याच्या घामालाही लावावा, एवढेच आमचे म्हणणे.