पाणी वाटणारे डोंगर

शालेय भूगोलाच्या नकाशात पर्वतरांग ही एक तपकिरी रेघ असते. विद्यार्थी तिचे नाव आणि सर्वोच्च शिखर पाठ करतो, दोन गुण मिळवितो आणि पर्वत तेथेच संपतो. वस्तुतः देशाचा भूगोल पर्वतापासूनच सुरू होतो. पाऊस कोठे किती पडावा, नदीने कोणती दिशा धरावी, हे प्रथम पर्वत ठरवितो. माणसाचे निर्णय त्यानंतरचे.

नाशिक जिल्हा याचे बोलके उदाहरण आहे. येथे सह्याद्री दक्षिणोत्तर उभा असून सातमाळा व सेलबारी-डोलबारी या त्याच्या शाखा पूर्वेकडे पसरल्या आहेत. ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या गोदावरीपासून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटरांच्या आसपास आहे. तरी ती १४६५ किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांतील वैतरणा मात्र पश्चिमेस वळते. गिरणा पूर्वेकडे निघते, पण सातमाळा तिला गोदावरीकडे जाऊ देत नाही. तापीला मिळून तिचे पाणी अखेर अरबी समुद्रातच जाते. एका जिल्ह्याच्या पाण्याची ही वाटणी कोणत्याही लवादाने केलेली नाही.

पावसाचेही तसेच. इगतपुरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पर्जन्यछायेतील येवल्यास पाचशे-सहाशेवर भागवावे लागते. परंतु खरे कोडे पुढेच आहे. भरपूर पावसाच्या पेठ-सुरगाण्यातील स्त्रियांनाही उन्हाळ्यात हंडे घेऊन डोंगर उतरावे लागतात. सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी फारसे धरून ठेवीत नाही. ते धरतात उतारावरील माती आणि झाडांची मुळे. ती गेली, की पावसाचे पाणी पाहता पाहता वाहून जाते आणि झरे आटतात.

पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी पूर्वेस आणण्याच्या योजनांवर आज मोठी चर्चा होते. दुष्काळी तालुक्यांची गरज खरी आहे आणि या योजनांना सरसकट विरोध करणे न्याय्य ठरणार नाही. रस्त्यांना व घरांना दगड लागतो, हेही मान्य. परंतु एका हाताने डोंगरापलीकडचे पाणी ओढावयाचे आणि दुसऱ्या हाताने ते जिरविणारा डोंगर फोडावयाचा, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. २०२१ मध्ये ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी चाललेल्या उत्खननाविरुद्ध नाशिककरांनी आवाज उठविला, तो केवळ श्रद्धेपोटी नव्हता. तो पाण्याचाही प्रश्न होता.

धरण गाळाने भरले तर तो काढता येतो, कालवा फुटला तर बांधता येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून घडलेला डोंगर एकदा सपाट केला, की तो पुन्हा उभारणारा कंत्राटदार मिळणार नाही. दर बारा वर्षांनी सिंहस्थात गोदास्नानासाठी लाखो लोक येथे येतात. नदीला माता मानणाऱ्यांनी तिचे माहेर शाबूत राखणे, हाही त्या स्नानाचाच भाग मानला पाहिजे.