बंद पडणे आणि बंद करणे

मागच्या व्याख्यानात आपण कृती आणि घटना यांतला फरक पाहिला. वाऱ्याने आंबा पडला ही घटना, आपण आकडीने आंबा काढला ही कृती. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी चांगला प्रश्न विचारला होता. ते म्हणाले, हा फरक आपल्या मनात आहे हे मान्य, पण आंब्याला त्याचं काय? तो दोन्ही वेळा खालीच येतो ना!

या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी आज आपण एक यंत्र समोर ठेवू. लढाऊ विमान. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या मास्तराला हे काय सुचलं? आम्ही पुण्यात राहतो, लोहगावहून उठणाऱ्या सुखोईंच्या आवाजाने आमचं बोलणं दिवसातून दोन-तीनदा अर्ध्यावर थांबतं. शिवाय आमचा एक जुना विद्यार्थी हवाई दलात जमिनीवरच्या तंत्रज्ञांमध्ये होता. तो एकदा बोलता बोलता म्हणाला, ‘सर, विमान उडवायला एक माणूस पुरतो, पण ते नीट बंद करायला दोघं तरी लागतात.’ ते वाक्य आमच्या डोक्यात राहिलं. तेव्हा आज उड्डाण नाही, लढाई नाही. विमान धावपट्टीवर उतरलंय, आपल्या जागेवर येऊन उभं राहिलंय. तिथून पुढे काय होतं, तेवढंच पाहू. उदाहरण म्हणून अमेरिकी बनावटीचं एफ-१६ घेऊ, कारण त्यात आपल्या प्रश्नाला थेट भिडणारी एक गोष्ट आहे.

आधी इंजिनाचं बघा. मोटार थांबली की आपण किल्ली फिरवतो, झालं. जेट इंजिनाला ते चालत नाही. या इंजिनात जळलेला वायू टर्बाइनच्या पात्यांवर येतो तेव्हा, पूर्ण जोरात असताना, त्याचं तापमान त्या पात्यांच्या धातूच्या वितळबिंदूच्याही वर असतं. मग पाती वितळत कशी नाहीत? तर इंजिनाच्याच पुढच्या भागातली, त्यामानाने थंड हवा पात्यांच्या आतल्या बारीक पोकळ्यांतून सतत खेळवलेली असते. म्हणजे इंजिन चालू आहे म्हणूनच ते स्वतःला थंड ठेवू शकतं. ते एकदम थांबवलं तर आग विझते खरी, पण थंडाव्याची हवाही त्याच क्षणी थांबते आणि आतली उष्णता तिथंच कोंडते. मग ती जिथं जाऊ नये तिथं झिरपते. बेअरिंगमधल्या तेलापर्यंत पोचली की तेल करपून त्याचा कार्बन होतो. बाहेरचं आवरण पातळ, ते लवकर थंड होऊन आकसतं. आतली चकती जाड, ती फुगलेलीच राहते, आणि पात्यांची टोकं आवरणाला घासण्याची भीती निर्माण होते. गरम हवा वर जाते, त्यामुळे फिरता कणा वरच्या बाजूने अधिक तापलेला राहतो आणि किंचित वाकतो. हा वाक डोळ्याला दिसणार नाही इतका असतो, पण मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या वस्तूला तेवढाही पुरतो.

म्हणून उतरल्यावर इंजिन काही मिनिटं अगदी मंद गतीवर, ज्याला वैमानिक आयडल म्हणतात, चालू ठेवतात. धावपट्टीवरून जागेवर येईपर्यंतचा वेळही साधारणपणे त्यात धरला जातो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, उगाच इंधन जाळत उभा आहे. प्रत्यक्षात तेव्हा बंद करण्याचं काम सुरू झालेलं असतं.

चाकांच्या ब्रेकचंही असंच. विमान थांबलं की ब्रेक थंड व्हायला लागतील असं आपल्याला वाटतं. पण ब्रेकच्या चकत्यांतली उष्णता हळूहळू चाकाकडे सरकत असते, आणि चाकाचा कडेलोट थांबल्यानंतर काही मिनिटांनी होऊ शकतो. त्यासाठी चाकात विशिष्ट तापमानाला वितळणारी बुचं बसवलेली असतात. ती वितळली की टायरमधली हवा फुटण्याऐवजी निघून जाते. तरीसुद्धा ब्रेक फार तापल्याचा संशय असेल तर चाकाच्या बाजूने जायचं नाही, पुढून किंवा मागून जायचं, असा दंडक आहे. चाक फुटलं तर तुकडे बाजूला उडतात. आपल्याकडे न्यायशास्त्रात तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण देतात, आठवतंय? आग आहे पण धूर नाही. धूर नाही म्हणून आग नाही असं म्हणून हात लावलात, की संपलं. गोळा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता कॉकपिटमध्ये येऊ. इथं क्रमाला महत्त्व आहे, आणि क्रमामागे एक साधा विचार आहे. या विमानातली वीज, हायड्रॉलिक दाब आणि उपकरणं थंड ठेवणारी हवा, तिन्ही इंजिनाच्या जिवावर चालतात. तेव्हा ज्यांना नीट बंद होण्यासाठी वीज किंवा थंडावा लागतो, त्या यंत्रणा इंजिन जिवंत असतानाच बंद करायच्या. रडार आणि इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणं आधी. जडत्वावर चालणारी दिशादर्शन यंत्रणा वेगळी बंद करून काही सेकंद थांबायचं, मगच तिची वीज तोडायची. घरात कर्ता माणूस हयात असताना वाटण्या करून घ्याव्यात, तसंच हे. नंतर केल्या तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

समोर जमिनीवर क्रू चीफ उभा असतो. चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लागले, हे तो हाताने खुणावून सांगतो. त्याने गळ्यावरून आडवा हात फिरवला की इंजिन बंद कर, असा अर्थ. खूण जरा अशुभ आहे, पण जगभर चालते. मग वैमानिक थ्रॉटल मागे ओढतो. आयडलपाशी एक अडसर असतो, तिथं थ्रॉटल थांबतो. त्या पलीकडे नेण्यासाठी एक खटका मुद्दाम सोडवावा लागतो. हवेत असताना हाताच्या एका झटक्याने इंजिन बंद होऊ नये म्हणून ही सोय. पाहा, अडसर कृतीला नाही, अपघाताला आहे. ज्याला खरोखर बंद करायचंय त्याने आणखी एक गोष्ट केली पाहिजे, म्हणजे हेतू नुसता मनात ठेवून चालत नाही, तो बोटांतून दाखवावा लागतो.

आता आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी येऊ. मराठीत आपण किती सहज म्हणतो: ‘पंखा बंद पडला’, ‘पंखा बंद केला’. एका क्रियापदाचा फरक. पंख्याला त्याचं सोयरसुतक नाही. पण एफ-१६ला आहे! या विमानाला इंजिन एकच. ते हवेत बंद पडलं तर वीज गेली, हायड्रॉलिक दाब गेला, आणि दाबाशिवाय हे विमान वळतही नाही. म्हणून त्यात एक आणीबाणीची यंत्रणा आहे, तिला ईपीयू म्हणतात. जनरेटर गेला किंवा दाब उतरला की ती कुणाला न विचारता आपोआप सुरू होते. गरज पडली तर ती हायड्राझिन वापरते, सत्तर टक्के हायड्राझिन आणि तीस टक्के पाणी. याला जळायला हवा लागत नाही, उत्प्रेरकावर सोडलं की त्याचं आपोआप विघटन होऊन तप्त वायू निघतो आणि त्यावर एक छोटं टर्बाइन फिरतं. वैमानिकाला विमान सांभाळून उतरवायला साधारण दहा मिनिटं मिळतात. मोठी जीवदान देणारी वस्तू आहे. पण हायड्राझिन अत्यंत विषारी. जमिनीवर, माणसं भोवती उभी असताना, ही यंत्रणा सुरू होणं म्हणजे संकट.

आता त्या यंत्रणेच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जनरेटर थांबला. दाब उतरला. इंजिन मेलं की मारलं? आतून दोन्ही अगदी सारखं दिसतं. आंब्याचाच प्रश्न. मग अभियंत्यांनी काय केलं? यंत्राला हेतू कळत नाही, पण हेतूच्या खुणा कळतात. चाकांवर विमानाचा भार आहे का, आणि थ्रॉटल बंदच्या जागी आहे का? दोन्ही असेल तर हे ‘बंद केलं’ आहे, ‘बंद पडलं’ नाही. तेव्हा ईपीयूने गप्प बसायचं. आणि एवढ्यावरही विसंबायचं नाही, म्हणून इंजिन बंद करण्याआधी जमिनीवरचा माणूस त्या यंत्रणेत एक सुरक्षा-पिन खुपसतो. लाल फीत लावलेली साधी पिन. तेव्हा ज्या श्रोत्यांनी प्रश्न विचारला त्यांना आमचं उत्तर असं की, कृती आणि घटना यांतला फरक मनापुरता नाही. तो यंत्रात घालावा लागतो, आणि न घातला तर माणसं मरतात.

पण इथंच थांबलो तर आम्ही तुमची फसवणूक केली असं होईल. खूण आणि वस्तू यांत अंतर असतं. त्या अंतरात काय घडू शकतं याचं उदाहरण एफ-१६चं नाही, ब्रिटनचं आहे.

लढाऊ विमानातलं आसन, म्हणजे इजेक्शन सीट, हे खाली रॉकेट बसवलेलं असतं. वैमानिकाच्या दोन मांड्यांच्या मध्ये काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं एक हँडल असतं, ते ओढलं की माणूस आसनासकट बाहेर फेकला जातो. उतरल्यावर हे आसन निष्प्रभ करणं, म्हणजे हँडलमध्ये पिन घालणं, हे विमान बंद करण्यातलं एक महत्त्वाचं काम. ब्रिटिश हवाई दलाच्या रेड ॲरोज या कसरती करणाऱ्या तुकडीकडे हॉक विमानं होती. हॉक हे प्रशिक्षणाचं विमान, पण त्यातलं मार्टिन-बेकर कंपनीचं मार्क १० जातीचं आसन टॉर्नेडोसारख्या लढाऊ विमानांतही होतं. ८ नोव्हेंबर २०११ रोजी स्कॅम्प्टनच्या तळावर फ्लाइट लेफ्टनंट शॉन कनिंगहॅम हा ३५ वर्षांचा वैमानिक उड्डाणापूर्वीची तपासणी करत होता. विमान जमिनीवर, जागच्या जागी. आसन उडालं. उभ्या विमानातूनही माणूस वाचावा अशीच या आसनांची रचना असते, पण एक नट-बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळलेला होता, त्यामुळे मुख्य पॅराशूट उघडलं नाही. तो गेला.

चौकशीत जे निघालं ते आपल्या विषयाचं आहे. आधीच्या एका उड्डाणात पट्टा हँडलमध्ये अडकून हँडल आपल्या सुरक्षित जागेवरून सरकलेलं होतं. तशा सरकलेल्या अवस्थेतही पिन आत जात होती! बघणाऱ्याला पिन जागेवर दिसत होती, म्हणजे आसन सुरक्षित. मधल्या दिवसांत ते एकाहून अधिक जणांच्या नजरेखालून गेलं. प्रत्येकाने पिन पाहिली.

आपल्याकडचं जुनं कुलूप आठवा. दांडी आत गेलेली दिसते, पण अडकलेली नसते. म्हणून आमची आई बाहेर पडताना कुलूप ओढून बघायची, आणि आम्ही तिला हसायचो. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अनुमान शिकवताना व्याप्ती सांगितली आहे, म्हणजे जिथं जिथं धूर तिथं तिथं आग. उलट बाजूने जायचं तर अट लागते, आग आहे आणि इंधन ओलं आहे, तरच धूर. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. ‘पिन आहे म्हणून आसन सुरक्षित’ या अनुमानातही एक उपाधी लपलेली होती, हँडल पूर्ण खाली बसलेलं असेल तरच. ती अट कुणी नाकारली नव्हती, ती नजरेआड गेली होती. लोखंडी गोळ्याला धूर नव्हता.

काही लोक म्हणतात, तपासणाऱ्यांचा निष्काळजीपणा. आम्हाला हे पटत नाही. जी खूण खोट्या अवस्थेतही तशीच दिसते, ती दहा जणांनी दहादा पाहिली तरी दहा पुरावे होत नाहीत, एकच पुरावा दहादा होतो. अशी पिन बनवणं हा दोष बघणाऱ्याच्या डोळ्यांचा म्हणता येत नाही. बोल्टच्या बाबतीत तर कंपनीने २०१८ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि तिला ११ लाख पाउंड दंड झाला.

वेळ होत आला, पण मघाशी चिठ्ठीवर आलेला एक प्रश्न घेतो: सगळ्यात शेवटी काय बंद करतात? मुख्य वीज. थ्रॉटल बंद केल्यावर इंजिन लगेच थांबत नाही, फेरे कमी कमी होत जातात. त्या वेळात वैमानिक तापमानाच्या काट्यावर नजर ठेवतो, कारण आत राहिलेलं इंधन पेटलं तर ते तिथंच कळतं. खालचा माणूस कान देऊन ऐकतो, घासल्याचा आवाज येतोय का. दाब उतरतो तशी काही विमानांत शेपटीची पाती हळूहळू खाली झुकतात. एवढं सगळं शांत झालं की मग वीज. तोपर्यंत इशाऱ्याचे दिवे जिवंत हवेत. त्यानंतर वैमानिक शिडीवरून खाली येतो आणि विमानाच्या नोंदवहीत काय चाललं, काय बिघडलं ते लिहून सही करतो. आपल्या हवाई दलात त्या वहीला फॉर्म ७०० म्हणतात. सही झाली की विमान पुन्हा तंत्रज्ञाच्या ताब्यात.